घरोघरी नगरपालिका

इंदुरात ‘कट्ट्यावर बसलोय’ असं मोबाइलवर मोठ्यानं बोलू नये. शेजारच्याला गावठी पिस्तूल आठवतं. म्हणून आमचा तो ओटला. रामबागेतल्या एका बंद मेडिकलच्या शटरापुढचा, चार माणसं नीट आणि पाचवं अर्धं मावेल एवढा. रविवारच्या हजेरीत तात्या (बँकेतून निवृत्त, सगळी हयात कॅश काउंटरवर), मंदार (घरून काम, त्यातलं निम्मं तोंडानं), बॅटरी भिया (भिया म्हणजे इंदुरी भैया; इन्व्हर्टर, मोटर, गीझर दुरुस्त करतो, खरं नाव विचारलं तर त्यालाही क्षणभर थांबावं लागतं) आणि कुंदाताई. कुंदाताईंची मेस बावीस-तेवीस वर्षं चालू आहे. त्या कायम ‘पाचच मिनिटं टेकते’ म्हणून बसतात आणि सगळ्यांत शेवटी उठतात.

विषय निघाला गल्लीत लागलेल्या विजेच्या नव्या स्मार्ट मीटरचा.

मंदारनं मोबाइल पुढे केला. “हे बघा. कालचा अर्ध्या अर्ध्या तासाचा वापर, ग्राफसकट. बेसिकली, वीस वर्षांपूर्वी हे कोणाच्या स्वप्नात तरी होतं का?”

“वीस वर्षांपूर्वी मीटरचं चाक फिरताना डोळ्यांनी दिसायचं,” तात्या म्हणाले. “आता लाल दिवा डोळा मारतो आणि बिल पळतं. मीटर फास्ट आहे.”

“नवा फास्ट नाही, जुना स्लो होता,” बॅटरी म्हणाला. “त्यात अ‍ॅल्युमिनियमची चकती, खाली बेअरिंग. वर्षानुवर्षं बेअरिंग झिजतं, धूळ बसते, चकती जड होते. टीव्हीचा स्टँडबाय, सेटटॉप बॉक्स, भिंतीत खोचून ठेवलेले चार चार्जर, एवढ्याशा लोडनं ती हलायचीच नाही. नवा मीटर पै-पै मोजतो. तुमच्या बँकेसारखं.”

“मग माझं बिल एवढं कसं वाढलं?”

“वरच्या मजल्यावर भाडेकरू आहे ना? त्याचा मीटर वेगळा घेतला तेव्हा वायरमननं वीज आणणारा फेज वेगळा ओढला आणि परतीचा न्यूट्रल तुमच्याच वायरीत अडकवला असणार. जुन्या मीटरला फरक पडत नव्हता. नवा फेजमधला करंटही बघतो आणि न्यूट्रलमधलाही, आणि दोन्हींत जो जास्त तो धरतो. वरचा गीझर लावला की त्याचा परतीचा करंट तुमच्या न्यूट्रलमधून जातो. गीझर एक, बिल दोघांना. मीटरवर ‘अर्थ’चा दिवा पेटलेला असेल, बघा.”

तात्यांनी भाडेकरूच्या खिडकीकडे असं पाहिलं की त्या बिचाऱ्याला आत उचकी लागली असेल.

“आणि खरंच मीटरचीच शंका असेल तर आधी मेन एमसीबी, म्हणजे मीटरनंतरचा मुख्य स्विच, पाडा आणि दहा मिनिटं दिवा बघा. लुकलुकला तर मीटर आणि एमसीबीच्या मध्ये काहीतरी आहे, नाहीतर मीटरच बिघडलाय. नाही लुकलुकला तर दुसरी परीक्षा. मीटरवर इम्पल्सचा आकडा छापलेला असतो. समजा ३२०० आहे. म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. बाकी सगळं बंद करून शंभर वॅटचा एकच बल्ब लावा. तासाला ३२० यायला पाहिजेत. सहा मिनिटं मोजा, ३२.”

“शंभरचा बल्ब आणू कुठून?” तात्या म्हणाले. “मिळतो का आता?”

हे मात्र खरं. सगळे थोडा वेळ शंभरच्या बल्बबद्दल हळहळले. मंदारला तेवढंच निमित्त. एलईडी बल्बची सरकारी खरेदी २०१४ मध्ये ३१० रुपयांना होती, २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आली, हे त्यानं मोबाइल न बघता सांगितलं. म्हणजे पाठ करून आला होता. “हा डेटा आहे, तात्या. नॉस्टॅल्जिया नाही.”

“डेटा ठेव तुझ्यापाशी. तेव्हा लाइट गेली की गल्ली बाहेर यायची. खाटा टाकायची. माणुसकी होती.”

“माणुसकी नव्हती, उकाडा होता,” कुंदाताई पहिल्यांदा बोलल्या. “आणि बाहेर तुम्ही लोक होतात. आम्ही आत मेणबत्तीवर पोळ्या लाटत होतो. पिठात मेण पडायचं.”

इथे बॅटरीनं हात वर केला. कपातीवर बोलायचा मान त्याचा. कुठल्या साली कशामुळे लाइट गेली हे त्याला पोराबाळांच्या वाढदिवसासारखं पाठ आहे. “माझा धंदा छत्तीसगडानं उभा केला,” तो म्हणाला. “१ नोव्हेंबर २००० ला राज्य वेगळं झालं. कोरबाची कोळशावरची वीजघरं तिकडे गेली. माळव्यातले शेतीपंप, इंदूरचे कारखाने, तात्यांचा टेबलफॅन, हे सगळं इकडे राहिलं. मग कपात. २००३ ची निवडणूक बिजली-सडक-पाणी यावरच झाली. पुढे पुनासाला नर्मदेवर इंदिरा सागर धरणाचं वीजघर सुरू झालं, १००० मेगावॅट, सव्वाशेची आठ यंत्रं. गावात घरांचा फीडर वेगळा आणि पंपांचा वेगळा केला, म्हणून २०१३ च्या सुमारास गावांनाही चोवीस तास मिळायला लागली. त्या वर्षी मला वाटलं, आता गीझरवरच पोट भरावं लागणार.”

“मग?”

“मग काय, उलट झालं. इन्व्हर्टर जास्त खपायला लागले.”

मंदार म्हणाला, “परचेसिंग पॉवर.” आणि उभा राहिला. त्याचं घड्याळ त्याला तासातून एकदा उभं राहा म्हणतं, आणि तो राहतो. भांडण कितीही रंगात येवो. मिनिटभर उभं राहून बसला.

बॅटरीनं हिशेब सांगितला, तो जसाच्या तसा देतो, कारण ओटल्यावर एवढं कामाचं क्वचित कोणी बोलतं. बारा व्होल्टची दीडशे अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी. गुणाकार केला तर १८०० वॅट-तास. त्यातले इन्व्हर्टर खातो ते गेले, आणि बॅटरी तळापर्यंत उतरवायची नसते ते गेले, की हाताशी बाराशेच्या आसपास राहतात. जुन्या काळी दोन पंखे पंचाहत्तर-पंचाहत्तरचे, दोन ट्यूबलाइट चोकसकट पंचावन्न-पंचावन्नच्या, एकूण २६०. साडेचार तास निघायचे. आता नवे बीएलडीसी पंखे तीस-तीसचे, एलईडीच्या पट्ट्या वीस-वीसच्या, एकूण शंभर. तीच बॅटरी बारा तास चालते.

“म्हणजे कपात चार तासांची होती तेव्हा बॅटरी साडेचार तासांची,” कुंदाताई म्हणाल्या, “आणि आता बॅटरी बारा तासांची झाली तर कपात दहा मिनिटांची.”

“आणि ती बारा तासांची बॅटरी घरोघरी फुगून मरते ना, ताई. कामच नाही तिला. चार्जरवर पडून पडून पाणी उडतं, प्लेटा उघड्या पडतात, त्यावर पांढरा थर धरतो. महिन्यातून एकदा मेन पाडून अर्धा-पाऊण तास घर तिच्यावर चालवावं. तीन महिन्यांनी पाण्याची पातळी दाखवणारा फ्लोट बघावा. हिरव्याच्या खाली गेला तर डिस्टिल्ड वॉटर, हिरव्यापर्यंतच, गळ्यापर्यंत नाही. नाहीतर चार्जिंगला उकळी आली की अ‍ॅसिड बाहेर. घालायचं ते डिस्टिल्डच. अ‍ॅसिड नाही, एसीच्या नळीतून टपकलेलं नाही, आणि...” इथे तो थांबला, “आरओचं नाही.”

सगळ्यांनी मंदारकडे पाहिलं.

“आरओ इज प्युअर,” मंदार म्हणाला. “लॉजिकली.”

“तुमच्यासाठी प्युअर, भिया. बॅटरीसाठी नाही. त्यात तीस-चाळीस टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, राहतोच. क्लोराइड, लोखंड काय असेल ते प्लेटांना लागतं. चार वर्षं चालायची ती तुम्ही चौदा महिन्यांत झोपवली.”

मंदारनं घड्याळाकडे पाहिलं. ते काही बोललं नाही.

तात्यांना यात विजय दिसला. “म्हणून म्हणतो, पूर्वी बरं होतं. इन्व्हर्टरच नव्हता तर बिघडणार काय?”

“पूर्वी बरं नव्हतं, तात्या,” कुंदाताई म्हणाल्या. “आता लाइट आली हे खरं आहे, ती कोणी आणली त्याला पैकीच्या पैकी मार्क द्या. माझं म्हणणं वेगळंच आहे. लाइट नव्हती म्हणून आपण घरात एक छोटं वीज मंडळ काढलं. लाइट आली. मंडळ बंद केलं का कोणी? ए बॅटरी, नुसता भिंतीला लावून ठेवलेला इन्व्हर्टर किती खातो?”

“पंधरा-वीस वॅट, कधी जास्त. वीस धरले तर महिन्याला चौदा-पंधरा युनिट.”

“लाइट जाऊ नये म्हणून नाही, गेली तर म्हणून पंधरा युनिट. घरोघर. वर दर चार-पाच वर्षांनी बॅटरी. आता पाण्याचं बघा.”

खरं तर इथे चहा आला होता, आणि चहाला लागून तात्यांची जुनी तक्रार की अर्धा कट आता पूर्ण भावात मिळतो. ती मी गाळतो.

पाण्यावर इंदूरकराला बोलायला लावू नये. नर्मदा १९७८ मध्ये आली तेव्हापासूनची प्रत्येकाची आपापली पोथी आहे. तात्यांनी ती उघडलीच: नर्मदाकाठच्या जलूदहून उचलायचं, सत्तर किलोमीटर आणि मध्ये विंध्याचा चढ, आशियातलं सगळ्यांत महाग पाणी वगैरे. (शेवटचं वाक्य आमच्याकडे प्रत्येक काका म्हणतो. तपासलेलं कोणीच नाही.) मंदारनं लगेच ग्रीन बाँडचा (पर्यावरणाच्या कामासाठीच्या कर्जरोख्यांचा) विषय काढला. फेब्रुवारी २०२३, महापालिकेनं जलूदच्या पंपांना सौर वीज मिळावी म्हणून २४४ कोटी उभे केले, सव्वाआठ टक्के, साठ मेगावॅटचा प्रकल्प. “लोकांनी पैसे लावले, तात्या. सामान्य लोकांनी. हे वीस वर्षांपूर्वी?”

“तू किती लावलेस?” कुंदाताईंनी विचारलं.

“मी इकोसिस्टिमबद्दल बोलतोय.”

“नर्मदामाय सत्तर किलोमीटर डोंगर चढून येते,” कुंदाताई म्हणाल्या, “आणि शेवटचे सत्तर फूट तिला टुल्लू पंप ओढतो.”

यावर कोणालाच बोलता येईना. आमच्या गल्लीत दिवसाआड पाणी येतं, आणि ते यायच्या दहा मिनिटं आधीपासून प्रत्येक घरात अर्ध्या हॉर्सचा टुल्लू रिकामी नळी चोखत बसलेला असतो. मीटर स्मार्ट झाला तरी हे शहाणपण गल्लीत कोणाला आलेलं नाही. नळाला थेट मोटर लावायला बंदी आहे, हेही सगळ्यांना माहीत आहे. बंदी का आहे ते बॅटरीनं सांगितलं, आणि नंतर कोणी चहा संपवला नाही.

“लाइनमध्ये प्रेशर असतं तेव्हा पाइपाला भोक असलं तरी पाणी बाहेर जातं. आतून बाहेर. प्रेशर नसताना तुम्ही मोटर लावता तेव्हा पाइपात ओढ बसते, आणि त्याच भोकातून बाहेरचं आत येतं. बाहेर काय आहे? आपल्या गल्लीत नळाची जुनी लोखंडी जीआय लाइन नालीच्या पोटातून जाते. गंजलेली. सांधे ढिले. म्हणजे सुरुवातीची पाच मिनिटं तुम्ही नर्मदा नाही, नाली भरताय.”

“माझ्याकडे आरओ आहे,” मंदार म्हणाला.

“आणि माझ्याकडे तुळस,” तात्या म्हणाले.

“करायचं काय मग?” हा प्रश्न माझा. बाकी मी लिहून घेत होतो.

“जमिनीखाली टाकी करा. हौद. लाइनीचं पाणी आपल्या वजनानं हौदात पडू द्या, तोंडाला फ्लोट व्हॉल्व. मोटर हौदातून गच्चीवर, लाइनीतून नाही. फूटव्हॉल्व चांगला घ्या, नाहीतर मोटर दर वेळी हवा धरते आणि तुम्ही मला रात्री फोन करता. लाइन नालीच्या बाहेर काढून एमडीपीई प्लास्टिकचा पाइप टाका, त्याला गंज नाही. आणि पहिलं पाच मिनिटांचं पाणी अंगणात, पिण्यात नाही. हौद धुतल्यावर ब्लीचिंग पावडर. पाण्याला हजार लिटरला अडीच ग्रॅम, पावडर ताजी असेल तर. आधी तांब्यात कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी हौदात, तासभर हात लावायचा नाही. उघड्या पुडीतली सहा महिन्यांपूर्वीची पावडर म्हणजे खडूची भुकटी, तिचा उपयोग रांगोळीला.”

“हे सगळं एकट्यानं केलं आणि शेजारी टुल्लू लावून बसला तर?” कुंदाताई.

“तर तुमच्या हौदात टिपूस येणार नाही.”

“हेच. आपण लावला म्हणून तो लावतो, तो लावतो म्हणून आपण. दोघांनी एकाच दिवशी काढला तर दोघांना पाणी येईल. पण तो ‘एकाच दिवशी’ वीस वर्षांत उजाडला नाही. म्हणून मग हौद, मोटर, गच्चीवरची टाकी, वर आरओ. घरात जलदाय विभाग.”

आरओचं नाव निघालं तशी बॅटरीनं विक्रेत्यांची एक करामत सांगितली. ती वाचकांनी नीट वाचावी, गल्लीत अजून चालू आहे. माणूस दोन ग्लास ठेवतो. एकात तुमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. दोन्हींत धातूच्या कांड्या सोडतो आणि बटण दाबतो. नळाचं पाणी मिनिटात तपकिरी होतं, मग हिरवट-काळं, वर फेस. मशीनचं तसंच काचेसारखं. बाई घाबरते, बुवा चेक लिहितो. त्या कांड्यांतली एक लोखंडाची असते. नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून त्यातून करंट जातो, कांडी विरघळते आणि लोखंडाचा गंज ग्लासात तरंगतो. घाण पाण्याची नाही, कांडीची. आरओच्या पाण्यात क्षार अगदी कमी, करंट जवळजवळ जात नाही, रंग येत नाही.

“पुढच्या वेळी तो आला की त्याच्या शुद्ध पाण्यात चिमूटभर मीठ टाका आणि बटण दाबायला सांगा. तेही गटार होतं. माणूस पेटी उचलून जातो.”

“पण टीडीएस...” मंदार.

“पाचशेपर्यंत चालतो, मानकात लिहिलंय. नर्मदेचा त्याच्या बराच खाली आहे. २०१९ मध्ये हरित लवादानंही म्हटलं होतं की पाचशेच्या खाली असेल तिथे आरओ नकोच. बोअरचं खारं पाणी असेल तर वेगळी गोष्ट. इथे भीती क्षाराची नाही, जंतूंची. त्याला उकळणं पुरतं, यूव्ही पुरतं, क्लोरिन पुरतो. आरओ एक लिटर देताना साधारण तीन लिटर मोरीत सोडतो.”

“सत्तर किलोमीटर चढवलेली,” तात्या म्हणाले. त्यांना कुंदाताईंचं वाक्य आवडलं होतं, आणि आता ते आपलं म्हणून वापरायच्या बेतात होते.

गॅसवर फार वेळ गेला नाही. कुंदाताईंकडे पाइपाचा गॅस आलाय, पण मेसची शेगडी मंद जळते म्हणून त्या वैतागल्या होत्या. बॅटरीनं विचारलं, जेट बदलले का? सिलेंडरच्या गॅसपेक्षा पाइपाचा हलका, त्याचा दाबही कमी, म्हणून जेटचं भोक मोठं लागतं; नाहीतर तीच शेगडी निम्म्यानं जळते आणि बाई गॅसला शिव्या देते. उलटंही करू नये, मोठ्या जेटवर सिलेंडर लावला तर ज्वाळा पिवळी, भांडी काळी. कुंदाताईंनी बदलून घेते म्हटलं. मग स्वतःच कबूल केलं की पाइप आला तरी भरलेले दोन सिलेंडर मागच्या खोलीत आहेत. “पाइप बंद पडला तर?”

“घरात गॅस एजन्सी,” मंदार म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला नेमका फटका जमला. आम्ही दाद दिली. त्यानं ती दोन मिनिटं उपभोगली.

“आता मला एक सांगा,” तो चढलाच. “तुमच्या हिशेबानं सगळं आपणच केलं, सरकारनं काही नाही. मग कचरा? स्वच्छतेत २०१७ पासून पहिला नंबर. आठ वेळा. ती गाडी कोणाची आहे?”

हा प्रश्न बरोबर होता. मी कुंदाताईंकडे पाहिलं, वाटलं आता अडकल्या.

“कचऱ्याला इन्व्हर्टर नाही,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?”

“अरे, लाइट नसली तर बॅटरी विकत मिळते. पाणी नसलं तर टँकर मिळतो. शाळा बरी नसली तर दुसरी मिळते. पण शेजाऱ्यानं दारात टाकलेला कचरा जाईल असं मशीन बाजारात नाही. पैसेवाल्याच्या नाकालाही तोच वास. म्हणून तिथे सगळ्यांना एकच गाडी लागली, आणि एकच गाडी लागली म्हणून ती वेळेवर आली. मेसचा ओला कचरा मी दोन बादल्या देते, रोज. एक दिवस सुक्यात केळीची सालं गेली तर त्या पोरानं गाडी थांबवून मला परत दिली. सगळ्यांसमोर. मी चिडले, पण मनात म्हटलं, हा खरा अधिकारी.”

तात्यांनी आठवण काढली ती देवगुराडियाच्या डोंगराची. खऱ्या नाही, कचऱ्याच्या. बायपासवरून जाताना काचा वर करायच्या. वर्षानुवर्षांचा साचलेला तो कचरा चाळून, माती वेगळी, प्लास्टिक वेगळं करून उपसला. आता तिथे ओल्या कचऱ्याचा गॅस होतो, २०२२ पासून, दिवसाला साडेपाचशे टन कचरा घेणारा कारखाना. त्याच्या गॅसवर शहराच्या बसेस धावतात. आणि गाडीत सहा कप्पे: ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरातलं घातक, ई-कचरा. “घातकमध्ये काय टाकायचं?” तात्यांनी विचारलं. “मंदारचा डेटा,” बॅटरी म्हणाला.

“आणि उलटं बघायचंय?” कुंदाताई थांबायच्या मनःस्थितीत नव्हत्या. “बीआरटीएस. २०१३ मध्ये आली. साडेअकरा किलोमीटर बसची वेगळी लेन. माझ्या मेसची पोरं निरंजनपूरहून भंवरकुवाला मोजून मापून वेळेत यायची. गाडीवाले शेजारच्या लेनमध्ये अडकून त्या मोकळ्या लेनकडे बघत बसायचे. २०२५ मध्ये काढायला घेतली. कारण रस्त्याला इन्व्हर्टर आहे, आणि तो म्हणजे कार. एसी लावला, गाणं लावलं, की जाम आपला वाटत नाही.”

“पण मेट्रो...”

“आहे ना. मे २०२५ ला सुरू झाली ती सहा किलोमीटर, पाच स्टेशनं, शहराच्या कडेच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावर. तिथे राहायला गेलास की आम्हाला कळव, आम्ही कारनं भेटायला येऊ.”

मंदारचं घड्याळ वाजलं. तो उभा राहिला. या वेळी सगळ्यांनीच त्याला उभं राहू दिलं, त्याला त्याची गरज होती.

हरलेला माणूस पैशावर येतो. मंदार यूपीआयवर आला, आणि न्यायानं सांगायचं तर तिथे तो बरोबर आहे. २०१६ मध्ये सुरू झालं, आज ओटल्यासमोरचा पोहेवाला, जिरावण मसाल्याची डबी आणि क्यूआरचा ठोकळा शेजारी शेजारी ठेवतो. दुकानदाराकडून कमिशन नाही, जानेवारी २०२० पासून ते शून्यच आहे. खर्च होतो तो त्या बोलणाऱ्या डबीच्या भाड्याचा. कुंदाताईंनीही मान डोलावली. फक्त एवढंच म्हणाल्या की रोज सकाळी दुकान उघडताना आपल्याच क्यूआरवर एक रुपया पाठवून नाव कोणाचं येतं ते बघावं. रात्रीत वर दुसरं स्टिकर चिकटवून जाणारे आहेत, आणि गर्दीत डबी वाजली नाही हे कोणाच्या लक्षात येत नाही. आणि मुलं पैसे गेल्याचा स्क्रीनशॉट दाखवतात तो बघू नये, डबीचा आवाज ऐकावा.

“बघा, म्हणजे हे तरी...” मंदार.

“हे तरी खरं. बँकेत उभं राहणं गेलं. त्याबद्दल मी कोणाच्याही पाया पडेन.”

झालं. तात्या ताठ झाले. हे दर दोन महिन्यांनी होतं, पण प्रत्येक वेळी नवं असल्यासारखं.

“बँकेत काय त्रास होता तुम्हाला? पितळी टोकन घ्यायचं, बाकावर बसायचं, नंबर पुकारला की यायचं. शिस्त होती.”

“दोन हजारांचा ड्राफ्ट. अकरा वाजता टोकन. दीडला तुम्ही काउंटरवर ‘भोजनावकाश’ची पाटी ठेवलीत आणि डबा उघडलात. मेथीची भाजी होती. माझी मेस होती आणि मी उपाशी उभी होते.”

“नियम होता!”

“अडीचला आलात. तीनला म्हणालात, मॅनेजरची सही उद्या.”

“मॅनेजर सुट्टीवर होता, मी काय करणार? आणि त्या दिवसाचं मलाच विचारा. त्या दिवशी माझं एक टोकन कमी भरलं. संध्याकाळी मोजले तर एक नाही. पितळी, बँकेचं नाव कोरलेलं. दोन दिवस बाकांखाली शोधलं. शेवटी मेमो आला आणि पगारातून वसुली. अठ्ठेचाळीस रुपये! तीस वर्षांच्या नोकरीत एकच डाग, आणि तो त्या ७८ नंबरचा.”

ही ७८ नंबरची कथा आम्ही इतक्यांदा ऐकली आहे की मंदारला तिच्यावर अ‍ॅप काढायचं सुचलं होतं. पण या वेळी कुंदाताई काही बोलल्या नाहीत. पदर सावरला, पिशवी उचलली, ‘पोळ्या पडल्यात’ म्हणाल्या. त्या सगळ्यांआधी उठल्या, हे आम्ही पहिल्यांदा पाहिलं.

“एक मिनिट, ताई,” बॅटरी म्हणाला. त्या माणसाला कुठे थांबावं कळत नाही, हे त्याच्या बिलावरूनही दिसतं. “तुमच्या इन्व्हर्टरच्या ट्रॉलीचं एक चाक आखूड आहे ना, गेल्या आठवड्यात पाणी घालताना मी ट्रॉली सरकवली. खाली पितळी चकती ठेवलीय, गोल, वर भोक. मला वाटलं जुना वजनाचा बाट असेल. त्यावर काहीतरी कोरलं होतं...”

कोणी हललं नाही.

“सात... आणि पुढे आठ होतं बहुतेक.”

तात्यांचा चेहरा आधी पांढरा, मग त्या ग्लासातल्या पाण्यासारखा तपकिरी झाला. “कुंदाताई!”

“उद्या या म्हणालात ना?” कुंदाताई रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या, ट्रॅफिक थांबवून. “मी दुसऱ्या दिवशी आलेच नाही. मग टोकन कोणाला देऊ?”

“बावीस वर्षं!” तात्या ओरडले. “अठ्ठेचाळीस रुपये! व्याजासकट काय होतात, काढ रे मंदार!”

मंदारनं मोबाइल उघडला, पण तो इतका हसत होता की त्याला आकडा घालता येईना. बॅटरी शटराला टेकून खाली घसरला. पोहेवाला काय झालं म्हणून झारा घेऊन बाहेर आला.

“देते परत,” कुंदाताई पलीकडच्या फुटपाथवरून म्हणाल्या. “पण आधी बॅटरीला पाठवा. ट्रॉलीखाली दुसरं काहीतरी लावल्याशिवाय काढता येणार नाही. कलंडली तर तुमच्या टोकनावरच अ‍ॅसिड सांडेल.”

“येतो, ताई,” बॅटरी डोळे पुसत म्हणाला. “व्हिजिट चार्ज तात्यांच्या नावावर.”